२८ सेंटिमीटरची आयएनएस दिल्ली: जुना जहाजाचा किट पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मी युद्धनौका बांधतो, यावर बायकोने, सासऱ्यांनी आणि कारखान्यातल्या पोरांनी करायचे तेवढे विनोद करून झालेत, त्यामुळे ते सोडून थेट कामाचं बोलू. सोलापुरात राहून, इथं मिळणाऱ्या सामानावर, इथल्या उन्हात जुना प्लास्टिकचा जहाजाचा किट नीट कसा बांधायचा ते सगळं एकदा लिहून काढतो, कारण दरवेळी फोनवर सांगायचं म्हणजे तासभर जातो.

जुने किट म्हणजे साधारण १९५० ते १९७० च्या दशकांतले. रेव्हेल कंपनीने १९५३ मध्ये यूएसएस मिसुरी काढली, तिचं स्केल १:५३५, म्हणजे खऱ्या जहाजाच्या ५३५ पट लहान. असला विचित्र आकडा का, तर त्या काळी बऱ्याच किटांचं स्केल डब्याच्या मापावरून ठरायचं. एअरफिक्स कंपनीने मात्र युद्धनौकांसाठी १:६०० धरलं आणि हूड, बिस्मार्क, आर्क रॉयल, अजॅक्स अशी लाईनच लावली. मग १९७१ मध्ये जपानच्या चार कंपन्यांनी मिळून १:७०० ची वॉटरलाईन मालिका सुरू केली. हे इतिहास म्हणून सांगत नाही, घेताना डब्यावरचं स्केल बघा म्हणून सांगतोय. हूड ६०० मध्ये जवळपास ४४ सेंटिमीटरची होते आणि ७०० मध्ये साडेसदतीस, दोन्ही स्केलची जहाजं एका फळीवर ठेवली की एक बाप आणि एक पोरगं दिसतं.

पहिल्यांदाच करणार असाल तर विमानवाहू जहाज घेऊ नका, तो लांबलचक सपाट डेक आणि त्याच्या कडेची फट भरता भरता जीव जातो. डिस्ट्रॉयर, म्हणजे छोटी वेगवान युद्धनौका, सोपी वाटते पण पार्ट इतके बारीक की चिमट्यातून उडाला की फरशीवर सापडत नाही. क्रूझर घ्या, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका. मी एअरफिक्सची एचएमएस अजॅक्स घेतली, सेकंडहँड, डबा दबलेला, आतले झेंडे पिवळे पडलेले. घेण्यामागं कारण होतं. १३ डिसेंबर १९३९ ला अजॅक्स, एक्झिटर आणि अकिलीस या तिघींनी मिळून जर्मनीच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेला दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या तोंडाशी गाठलं होतं, आणि त्यातली अकिलीस म्हणजे अजॅक्सची सख्खी बहीण, लिअँडर क्लासचीच. तीच अकिलीस १९४८ मध्ये आपण घेतली, तिचं नाव पडलं दिल्ली, १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी ती दीवसमोर उभी होती आणि १९७८ पर्यंत नोकरीत होती. त्या लढाईवर १९५६ मध्ये सिनेमा निघाला त्यात अकिलीसचं काम खुद्द आपल्या आयएनएस दिल्लीनेच केलं. म्हणजे अजॅक्सच्या डब्यातून आपली दिल्ली निघू शकते, थोडी काटछाट करून. ती कशी ते खाली येईलच.

त्याआधी एकच हिशेब डोक्यात पक्का बसवा. १:६०० मध्ये १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६० सेंटिमीटर. माणूस जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा. आता किटमधली डोलकाठी बघा, ती एक मिलिमीटर जाड असते, म्हणजे खरी ६० सेंटिमीटर, आपल्या दारातल्या कडुनिंबाच्या खोडाएवढी! साचे जुने, प्लास्टिक त्याहून बारीक ओतता यायचं नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पण जहाज खेळण्यासारखं दिसतं ते याच जाडीमुळं. लोक रिव्हेट मोजत बसतात, एखादी खिडकी चुकीच्या जागी आहे म्हणून भांडतात, आणि तोफा तशाच खडूच्या कांडीएवढ्या ठेवतात. माझं म्हणणं एवढंच की जे जाड दिसतंय ते बारीक करा, बाकी खुशाल सोडून द्या.

सामान. सोनारांची हत्यारं विकणारं दुकान सराफ बाजारात असतंच, तिथं बारीक कानसींचा सेट, टोकदार चिमटा, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि पितळी तार मिळून जाते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा "काका, अर्ध्या मिलीचं ड्रिल हाय का?" म्हटलं तर काकांनी वर न बघताच विचारलं, "मंगळसूत्राचं काम का मोत्याचं?" जहाजाचं म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघितलं त्यांनी. ड्रिलच्या सुया ०.४ आणि ०.५ मिलिमीटरच्या घ्या, चार-पाच एकदम घ्या कारण तुटतात. पॉलिश पेपर गाड्यांच्या पेंटिंगचं सामान मिळतं तिथून ४००, ८०० आणि १२०० नंबरचा. ब्लेड, मास्किंग टेप, रबरबँड, कपडे वाळत घालायचे चिमटे घरात असतातच. प्लास्टिकचा पातळ सिमेंट ऑनलाईन मागवावा लागतो, बाटलीच्या झाकणालाच ब्रश असतो तो, आणि तो चिकटवत नाही तर दोन्ही कडा विरघळवून एक करतो. म्हणून रंग लागलेल्या जागी धरत नाही हे लक्षात ठेवा. फेविक्विक फक्त धातू प्लास्टिकला जोडायला.

आता डबा उघडा. पार्ट ज्या सांगाड्याला लागून येतात त्याला स्प्रू म्हणतात, त्यावरून पार्ट आत्ताच तोडू नका, आधी माहितीपत्रकाशी मोजून घ्या आणि फोटो काढून ठेवा. सेकंडहँड किटमध्ये एखादा पार्ट नसणारच असं समजूनच चाला. मग धुवायचं, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग बसत नाही. परातीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना टूथब्रश. सुटे झालेले पार्ट चहाच्या गाळणीत धुवा, नाहीतर मोरीतून नांगर जातो, माझा गेलाय. ते पाणी नंतर कुंडीला घालू नका, बाथरूममध्ये टाका.

धुतल्यावर हलचे, म्हणजे जहाजाच्या मुख्य सांगाड्याचे, दोन्ही अर्धे भाग सपाट काचेवर ठेवून बघा. चाळीस-पन्नास वर्षं डब्यात पडलेलं प्लास्टिक बऱ्याचदा पिळलेलं असतं. पिळलं असेल तर हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी घ्या, उकळतं नको, पॉलिस्टायरीन शंभरच्या जवळ गेलं की अंगच सोडतं. भाग अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून सरळ करा, स्टीलच्या पट्टीला टेपने बांधा आणि गार पाण्यात धरा. एका वेळी नाही होत, दोन-तीन वेळा करावं लागतं.

आणि उन्हाचं काय ते इथंच सांगतो. माझी याआधीची एक डिस्ट्रॉयर, हल जोडून, प्रायमर मारून झालेली, मे महिन्यात दुपारी एक वाजता लवकर वाळेल म्हणून गच्चीवर पत्र्यावर ठेवली. खाली येऊन जेवलो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, वर दही, त्यानंतर जे व्हायचं तेच झालं, डोळा लागला. साडेतीनला वर गेलो तर जहाजाची दोन्ही टोकं उचललेली, मध्ये पोट खाली, अगदी केळं. बाहेर ४३ डिग्री असेल पण पत्रा किती तापला असेल ते देवाला माहीत. जोडलेलं हल नंतर सरळ होत नाही, शिवण उसवते. ते केळं अजून आहे माझ्याकडे, रंग टेस्ट करायला वापरतो. तर गच्ची नाही, गाडीची डिकी नाही, खिडकीची कड नाही. कपाटाच्या वर ठेवा.

हल जोडणं हा सगळ्या कामातला निम्मा भाग आहे, इथं घाई केली तर पुढं कितीही चांगलं करा, फट दिसतच राहते. आधी सिमेंट न लावता दोन्ही अर्धे रबरबँडने बांधा आणि वरून डेक बसवून बघा. जवळपास दरवेळी डेक कुठंतरी अडतो किंवा कुठंतरी केसाएवढी फट राहते. अडत असेल तर हलच्या नाही, डेकच्या कडेला कानस मारा, कारण हलच्या वरच्या कडेला बारीक खुणा असतात त्या गेल्या की परत आणता येत नाहीत. फट राहत असेल तर हल आतून रुंद करायचा, म्हणजे स्प्रूचे तुकडे कापून आतल्या बाजूला आडवे टेकू द्यायचे, तीन पुरतात. हे जमलं की मगच सिमेंट, आणि तेही एकदम सगळीकडे नको, पुढचं टोक आधी, अर्धा तास थांबा, मग मधला भाग, मग मागचा. सिमेंट ब्रशने फटीवर नुसता टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो, दोन्ही बाजूंनी दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते, ती येऊ द्या, पुसू नका, दुसऱ्या दिवशी खरवडून टाकायची, तीच तुमची पहिली पुट्टी.

राहिलेल्या फटी भरायला बाजारातली पुट्टी शोधत फिरू नका. नेलपॉलिशची रिकामी बाटली स्वच्छ करा, त्यात त्याच किटच्या स्प्रूचे तुकडे बारीक करून टाका, वर सिमेंट ओता, रात्रभरात घट्ट काकवीसारखं होतं. हे भरलं की रंग आणि कडकपणा किटसारखाच. फक्त दोन दिवस वाळू द्या, वरून वाळल्यासारखं दिसतं पण आत मऊ असतं आणि घासलं की खड्डा पडतो. घासताना शिवणीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा म्हणजे आजूबाजूच्या खिडक्या घासून जात नाहीत. तरी थोड्या जातातच. त्या गोल खिडक्या, पोर्टहोल, ०.५ च्या ड्रिलने परत पाडायच्या, अर्धा मिलिमीटर म्हणजे खरे ३० सेंटिमीटर, माप बरोबर बसतं. आधी सुईने टोचून खूण करा, मग ड्रिल दोन बोटांत सावकाश फिरवा. एका बाजूच्या सगळ्या करायला मला एक रविवार लागला, पण प्रायमर मारल्यावर जो फरक दिसतो ना, त्यासाठी दुसराही रविवार घालवला.

जहाज पाण्यात दाखवायचं की पूर्ण तळासकट, हे हल जोडायच्या आधी ठरवा. पाण्यात दाखवायचं असेल तर पेन्सिल पत्त्यांच्या गठ्ठ्यावर आडवी ठेवून, गठ्ठा न हलवता जहाज तिच्याभोवती फिरवा, सगळीकडे एका उंचीवर रेघ येते, मग ब्लेडच्या पाठीने वीस-पंचवीस वेळा हलकेच ओरखडत कापायचं. मी पूर्ण तळ ठेवला. सोलापुरात जहाजाचा तळ दिसायलाच पाहिजे, पाणी आणायचं कुठून.

वरचं बांधकाम, म्हणजे ब्रिज (जहाज चालवायची खोली), धुराडं, तोफांचे टरेट (फिरते बुरूज), हे सगळं वेगवेगळं बांधा आणि वेगवेगळंच रंगवा, शेवटी डेकवर बसवा. एकदा सगळं चिकटवलं की धुराड्याच्या मागं ब्रश जात नाही. इथं तो साठ सेंटिमीटरचा हिशेब लावा. ब्रिजभोवतीच्या भिंती, तोफांभोवतीची कठडी, यांची वरची कड ब्लेड उभं धरून आतल्या बाजूने खरवडा. पूर्ण भिंत पातळ करायची गरज नाही, वरून दिसणारी कडच पातळ झाली की डोळा फसतो. बोटी उलट्या करून आतून थोड्या कोरा. धुराड्याचं तोंड ड्रिलने पोकळ करा, आत काळा रंग.

तोफा. लिअँडर क्लासला सहा इंची तोफा, चार टरेटमध्ये दोन-दोन अशा आठ. सहा इंचीची नळी तोंडाशी बाहेरून पाव मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आतली नळी पाहिजे. मेडिकलमध्ये २६ नंबरची अर्धा इंची सुई मिळते, बाहेरून ०.४६ मिलिमीटर आणि मुळातच पोकळ, म्हणजे तोफेचं तोंड आपोआप तयार! नवीन, सीलबंद घ्या. सुई लाकडावर ठेवून कानशीच्या कडेने गोल फिरवत खाच पाडा, मग पकडीने मोडा, डोळ्यावर चष्मा पाहिजेच, टोक कुठं उडेल सांगता येत नाही. ते टोचरं टोक बाटलीत टाकून झाकण लावा, कचऱ्यात सुटं टाकू नका. किटच्या तोफा कापा, टरेटला ०.५ ने भोकं पाडा, नळ्या फेविक्विकने बसवा आणि चिकटायच्या आधी समोरून बघून दोन्ही एका उंचीवर घ्या. एकट्या या कामाने किट वीस वर्षांनी तरुण दिसतो.

दिल्ली करणाऱ्यांनी इथं थांबायचं. पुढून मागं टरेटची नावं ए, बी, एक्स, वाय. अकिलीसचा एक्स टरेट, म्हणजे मागच्या दोघांतला वरचा, महायुद्धातच दुरुस्तीच्या वेळी काढून टाकला, तिथं विमानविरोधी तोफा बसवल्या. त्यामुळं आपल्याकडे आली तेव्हा तिला सहा इंची सहाच तोफा होत्या. एक्स बसवूच नका, भोक बुजवा, त्या जागी किटच्या उरलेल्या पार्टांतून छोटी तोफ बसवा. अजॅक्सच्या मधोमध विमान फेकायचा कॅटापल्ट आणि त्यावर सीफॉक्स विमान आहे, रिव्हर प्लेटला ते उडालंही होतं, पण दिल्लीवर ते नाही, दोन्ही काढा. डोलकाठ्या किटमध्ये सरळ एका खांबाच्या आहेत, दिल्लीला तीन पायांच्या पाहिजेत. बाकी लहानसहान फरक जुने फोटो बघून करा. मी सगळे केले नाहीत.

रंगाचं एक वाईट सांगतो. दुकानात जाऊन नुसतं "थिनर द्या" म्हणालो, हातात बाटली पडली, मी ती ऑईल पेंटमध्ये मिसळून बिनधास्त डेकला मारली, पाच मिनिटांत डेकच्या फळ्यांच्या रेषा पुसून साय धरल्यासारखं झालं. ते एनसी थिनर होतं, ते पॉलिस्टायरीनला खातं. एनॅमलला टर्पेन्टाईन मागा, ॲक्रिलिकला पाणी. गाड्यांचा स्प्रे प्रायमरही आधी स्प्रूवर मारून बघा, आणि मारताना लांबून, धुरळल्यासारखा, तीन-चार वेळा. उन्हाळ्यात दुपारी स्प्रे मारू नका, थेंब हवेतच वाळतो आणि हलवर रवा शिंपडल्यासारखं होतं. सकाळी सहा-सात बेस्ट.

करडा रंग डब्यातला जसाच्या तसा वापरला की जहाज काळवंडल्यासारखं दिसतं, कारण एवढं लहान जहाज म्हणजे खरं जहाज लांबून बघितल्यासारखं, आणि लांबचं सगळं फिकट दिसतं. म्हणून पाचाला एक भाग पांढरा मिसळा. आधी डेक रंगवा, वाळल्यावर टेपने झाका, मग हल. तळाचा लाल शेवटी, टेप काचेवर चिकटवून नवीन ब्लेडने कापून लावा म्हणजे कड सरळ येते. वाळल्यावर काळपट तपकिरी रंग टर्पेन्टाईनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून कोपऱ्यांत सोडा, तो फक्त खाली रंग ॲक्रिलिकचा असेल किंवा वर वार्निश मारलं असेल तरच, नाहीतर खालचा एनॅमल उठून येतो. रेलिंगचे पितळी पत्रे बाहेरून मागवता येतात, पण पहिल्या जहाजाला नको, किटपेक्षा महाग पडतात आणि वाकडं रेलिंग असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आता डोलकाठ्या आणि दोऱ्या. डोलकाठी पितळी तारेची, खाली ०.५, वर ०.३, फेविक्विकने जोडलेली. तीन पाय कागदावर काढलेल्या चित्रावर ठेवूनच जोडा. दोऱ्यांसाठी मला वाटलं आपण टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, सुताला काय तोटा, चांगलं चाळीस नंबरचं सूत आणलं, लावलं आणि भिंगातून बघितलं तर दोरीला दाढी! सुताचे तंतू या स्केलला एवढाले दिसतात. सूत नकोच. स्प्रू ओढून करायची. बोटभर तुकडा मेणबत्तीच्या वर दोन इंच धरा, ज्योतीत नाही, गोल फिरवत राहा, मध्ये चकाकी येऊन तो ढिला पडला की बाजूला घ्या, एक क्षण थांबा आणि ओढा. हळू ओढलं तर जाड, झटक्यात ओढलं तर केसाहून बारीक. पहिले दहा फुकट जातील, स्प्रू भरपूर असतो. तुकडा मापापेक्षा किंचित मोठा कापा, टोकाला फेविक्विकचा सुईएवढा थेंब, दोन्ही टोकं धरली की ढिली दोरी ताणायला पेटत्या अगरबत्तीचं टोक पाच-सहा मिलिमीटर लांबून फिरवा, दोरी टचकन ताठ होते. जवळ नेली तर तुटते. हे सगळं पंखा बंद करून करायचं, त्यामुळं मी हे काम जानेवारीसाठी राखून ठेवतो, गड्ड्याची जत्रा चालू असते तेव्हाच्या थंडीत.

शेवटी झेंडा. पिवळे पडलेले डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे झेंडे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आपल्या उन्हाने चार-पाच दिवसांत पिवळेपणा उतरतो, इथं एकदाच ऊन कामाला येतं. मग त्यावर पातळ वार्निश, नाहीतर पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात. दिल्लीसाठी एक सोय आहे. ब्रिटिश नौदलाचा झेंडा म्हणजे पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात त्यांचा युनियन जॅक, आणि आपल्या नौदलाचा १९५० ते २००१ पर्यंतचा झेंडा म्हणजे तोच क्रॉस, कोपऱ्यात तिरंगा. म्हणजे किटच्याच झेंड्याचा कोपरा पांढरा करून वर केशरी आणि खाली हिरवी रेघ ओढायची. कोपरा दोन-अडीच मिलिमीटरचा, ब्रश ट्रिपल झिरो, तरी जाड वाटला, शेवटी सुईच्या टोकाने ओढली. तिसऱ्यांदा जमलं. अशोकचक्राच्या नादी लागलो नाही.

वरून एकदा मॅट वार्निश आणि लगेच झाकून ठेवा, कारण इथली धूळ दोरीवर बसली की परत निघत नाही, पुसायला गेलं की दोरीच येते. काचेची पेटी फिश टँक करणाऱ्याकडून स्वस्तात होते, २८ च्या जहाजाला आतून ३४ लांब, १० रुंद, १५ उंच. माप कागदावर लिहून द्या आणि उलटी झाकायची आहे हे दोनदा सांगा. आमच्या टँकवाल्याने माप बघून म्हटलं, "दादा, रुंदी लै कमी पडतीय, यात मासे फिरणार कसे?"